स्पितीचा कार्यक्रम आखताना आधी रात्रीच्या मुक्कामाची उंची लिहा

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात घरातल्या सहा जणांना हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यात जायचं आहे. चौघं पन्नाशीच्या आसपासची, एक कॉलेजात जाणारा मुलगा आणि सासूबाई, वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू. एका सहल कंपनीने मनाली ते मनाली सात दिवसांचा कार्यक्रम दिलाय. पहिली रात्र मनाली, दुसरी चंद्रताल सरोवराजवळ, तिसरी काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव, आणि मग दोन-तीन दिवसांत की, किब्बर, लांगझा, हिक्कीम, कोमिक, धनकर, ताबो उरकून परत. ताई म्हणतात, 'आम्ही दरवर्षी कळसूबाई करतो, सासूबाईही वणीच्या पायऱ्या चढतात. एवढा सराव पुरेल ना? उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यावी का? ऑक्सिजनचे डबे न्यायचे का? आणि हिमबिबट्या दिसेल का? मुलाला ट्रेकही हवाय.'

ताई, आधी उत्तर देतो, कारणं नंतर. हा कार्यक्रम घेऊ नका. जागा सगळ्या चांगल्या आहेत, पण क्रम उलटा आहे. शिमला-किन्नौरच्या बाजूने हळूहळू चढत जा, काझाला स्थिरावा आणि शेवटी कुंझुम खिंड ओलांडून मनालीत उतरा. त्याला बारा-तेरा दिवस लागतात. तेवढी रजा नसेल तर चंद्रताल सोडा. म्हातारं माणूस बरोबर असताना सात दिवसांत सगळं बसवू नका. मी बावीस वर्षं पुण्याहून माणसं घेऊन हिमालयात जातोय. लोक मला किलोमीटर आणि दिवस विचारतात. मी कागदावर एकच रकाना आखतो: रात्री कुठे झोपायचं आणि ती जागा किती मीटरवर आहे.

कळसूबाईचं म्हणाल तर ते महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. तुम्ही जिथून निघणार ती मनालीच साधारण २,००० मीटरवर आहे. म्हणजे स्पितीचा प्रवास सुरू होण्याआधीच तुम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा वर असता. सह्याद्रीत चढल्याने पाय आणि दम तयार होतो, त्याचा उपयोग होतोच. पण विरळ हवेची सवय त्याने लागत नाही. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असतं, कमी होतो तो हवेचा दाब. काझा साधारण ३,६५० मीटरवर आहे आणि तिथला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के. म्हणजे प्रत्येक श्वासाला एक-तृतीयांश तूट. ही तूट भरून काढायला शरीर श्वास वाढवतं, मूत्रपिंडांमार्फत रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल सावरतं, आणि या कामाला दिवस लागतात. तुम्ही किती तंदुरुस्त आहात याच्याशी त्या दिवसांचा फारसा संबंध नाही. उलट तंदुरुस्त माणूस जास्त धावपळ करतो आणि आधी पडतो.

हे मला पुस्तकातून कळलं असतं तर बरं झालं असतं. २००९ साली मी स्वतःच, सोयीचं म्हणून, अगदी तुमच्यासारखा कार्यक्रम आखला होता. तेव्हा रोहतांग खिंडीखालचा अटल बोगदा नव्हता, खिंड चढून उतरून ग्रामफू, तिथून बातल आणि संध्याकाळी चंद्रताल. सरोवराची उंची ४,२५० मीटरच्या आसपास. ग्रुपमध्ये एक चौतीस वर्षांचा गडी होता, रतनगड-हरिश्चंद्रगड धावत करणारा. संध्याकाळी त्याचं डोकं दुखायला लागलं, जेवला नाही. म्हणाला, 'पित्त झालंय, सकाळी उठलो तेव्हा काही खाल्लं नव्हतं.' मीही मान डोलावली. आपल्याकडे डोकं दुखून मळमळलं की पित्तच असतं! रात्री साडेबाराला त्याच्या तंबूतल्या मित्राने हाक मारली. हा बुटाची नाडी बांधायला बसला होता आणि त्याला गाठ मारता येत नव्हती. दोन टोकं हातात धरून नुसता बघत होता. त्याला उभं करून सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं, तर दोन पावलांत कलंडला. मेंदूला सूज यायला लागल्याची ही खूण. आमच्याजवळचं इंजेक्शन दिलं, ड्रायव्हरला उठवलं आणि त्या रस्त्याने रात्रीच छत्रूपर्यंत उतरलो, जवळजवळ हजार मीटर खाली. उजाडताना तो पठ्ठ्या शुद्धीवर येऊन चहा मागत होता. त्याला वाचवलं ते उतरण्याने. तंबूत सकाळची वाट पाहिली असती तर काय झालं असतं, त्याचा विचार मी आजही टाळतो.

तेव्हापासून दोन गोष्टींवर तडजोड करत नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर हजार मीटरला एक जादा रात्र त्याच गावात काढायची. दिवसा वर जाऊन संध्याकाळी खाली येणं चालतं, उलट चांगलंच. दुसरी गोष्ट, उंचीवर डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, गरगरणं यातलं काहीही झालं की ते पित्त नाही, प्रवासाचा शीणही नाही. दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचा त्रास समजायचा. त्रास असताना वर जायचं नाही. वाढला तर खाली यायचं. बसल्या जागी धाप लागली, ओला खोकला सुरू झाला किंवा चाल बिघडली तर रात्र असो, पाऊस असो, लगेच खाली.

आता तुमचा मार्ग. चंदीगडपर्यंत विमानाने किंवा रेल्वेने या. पहिली रात्र नारकंडा, २,७०० मीटर. शिमल्यात मुक्काम केला तरी चालेल, पण तिथल्या वाहतुकीत अर्धा दिवस जातो म्हणून मी पुढे काढतो. दुसरी आणि तिसरी रात्र किन्नौरमधलं कल्पा, २,९६० मीटर. सकाळी खिडकी उघडली की समोर किन्नर कैलास. एक अख्खा दिवस तिथे काहीही ठरवू नका. रोघी गावापर्यंत पायी जाऊन या, वाटेत सफरचंदाच्या बागा आणि वर चिलगोजाची झाडं. हा चिलगोजा किन्नौरचं खरं सोनं आहे, मुंबईच्या सुक्यामेव्याच्या दुकानात त्याचा भाव विचारलात की कळेल. सासूबाईंना हा दिवस फार आवडेल. गावातल्या बायकांच्या हिरव्या पट्टीच्या टोप्या बघून त्या नक्की विचारतील, ही कुठे मिळते.

चौथ्या दिवशी बरेच कार्यक्रम नाकोला मुक्काम देतात. नाको ३,६६० मीटरवर आहे, म्हणजे एका दिवसात सातशे मीटरची उडी. मी नाकोला दुपारचं जेवण करतो, तळ्याला चक्कर मारतो आणि मुक्कामाला ताबोला उतरतो, ३,२८० मीटर. दिवस लांब होतो पण रात्र सुखाची जाते. वाटेत खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून पुढे हिरवळ संपते आणि डोंगर नुसते माती-दगडाचे होतात. पावसाळी ढग अलीकडच्या रांगांनी अडवलेले असतात, म्हणून हा सगळा मुलूख थंड वाळवंट. आपल्या घाटमाथ्यावर कोसळून माण-खटाव कोरडं ठेवणारा पाऊस तुम्हाला माहीतच आहे. तीच गोष्ट, फक्त अडवणारी भिंत पाच-सहा हजार मीटरची.

ताबोला दोन रात्री राहा, आणि हे मी फक्त उंचीसाठी सांगत नाही. इथला मठ इ.स. ९९६ मध्ये उभा राहिला. रिन्चेन झांगपो या थोर भाषांतरकाराच्या काळातला. लोक त्याला 'हिमालयातलं अजिंठा' म्हणतात. अजिंठा ज्याने मन लावून पाहिलंय त्याला या उपमेतला फरकही दिसेल. आपलं अजिंठा बेसाल्टच्या अखंड कड्यात कोरलेलं, आणि ताबो बाहेरून पाहिलं तर मातीच्या ढेकळांसारखं, उतरत्या भिंतींचं, अंगणात उभं राहिलात तरी आत काही असेल असं वाटू नये असं. आत गेल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं काहीच दिसत नाही. घाई करू नका. डोळे सरावले की भिंतींवरून माणसाएवढ्या मातीच्या मूर्ती पुढे येतात, जमिनीपासून वर उचललेल्या, प्रत्येकीमागे प्रभावळ. मधोमध चार तोंडांचा वैरोचन बुद्ध. एका मंडलाच्या आत आपण उभे आहोत हे हळूहळू कळतं. मूर्तींखाली रंगवलेल्या पट्ट्यांत बुद्धाचं चरित्र आणि सुधन नावाच्या साधकाची यात्रा. किन्नौरमध्ये जानेवारी १९७५ मध्ये मोठा भूकंप झाला, त्यात मठाचं नुकसान झालं, तरी हे टिकलं. आत फोटो काढू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. अजिंठ्यात काळजी घ्यायला उशीर झाला तेव्हा काय गेलं, ते आपण बघतोच. सकाळी सहाच्या सुमाराला नव्या मंदिरात पाठ असतो, तिथे मागे जाऊन बसा.

सहाव्या दिवशी धनकर बघून काझा. धनकर ही स्पितीची जुनी राजधानी. स्पिती आणि पिन नद्यांच्या संगमावर, झिजलेल्या मातीच्या सुळक्यांना चिकटलेला मठ. सुळके दरवर्षी थोडे थोडे ढासळतात, म्हणून जुन्या इमारतीत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात. वर तळ्यापर्यंत चालत जायचा मोह मुलाला होईल, त्याला जाऊ द्या. बाकीच्यांनी खाली चहा प्यावा.

काझाला दोन-तीन रात्री. यात की मठ (४,१६६ मीटर), किब्बर (४,२७०) आणि चिचमचा पूल एका दिवसात, लांगझा-हिक्कीम-कोमिक दुसऱ्या दिवशी, दोन्ही दिवशी संध्याकाळी काझाला परत. चिचमच्या दरीवर २०१७ साली पूल झाला. त्याआधी तिथे तारेवरचा झुला होता, माणसं त्यात बसून दोर ओढत पलीकडे जायची. पुलावर उभं राहून खाली बघितलंत की त्यांचं कौतुक वाटेल. हिक्कीमचं टपाल कार्यालय १९८३ पासून आहे, ४,४०० मीटरच्या वर. तिथून स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टकार्ड टाकायची पद्धत झालीय. गर्दी होते, पण टाका. माझ्या आईने तिच्या नावावर आलेलं कार्ड फ्रिजला लावून ठेवलंय.

लांगझाबद्दल जरा जास्त बोलतो. गावात पोचलात की लहान मुलं ओंजळीत काळे गोल दगड घेऊन येतील. त्यात गोगलगायीसारखी वळी दिसते. हे अ‍ॅमोनाइटचे जीवाश्म. हिमालय वर येण्याआधी इथे टेथिस समुद्र होता, त्यातल्या प्राण्यांचे. सासूबाईंना ते दाखवाल तर त्या पटकन म्हणतील, 'अगं, हा तर शाळिग्राम!' आणि त्यांचं बरोबरच आहे. आपल्या देवघरात येणारा गंडकी नदीतला शाळिग्राम म्हणजे असाच अ‍ॅमोनाइट, नेपाळच्या बाजूला सापडलेला. साडेचार हजार मीटरवर समुद्राचा पुरावा हातात धरायचा आणि तो आपल्या देवघरातलाच निघायचा, याहून चांगला भूगोलाचा तास मला माहीत नाही. पण विकत घेऊ नका. वीस-पन्नास रुपयांना एकेक करत अख्खा डोंगर खाली चाललाय. मुलांना पैसे देण्यापेक्षा त्यांच्या घरी जेवा.

आता कार्यक्रमात नसलेली जागा: पिन खोऱ्यातलं मुद गाव. काझाहून गाडीने जेमतेम दोन-अडीच तास, उंची सुमारे ३,७७० मीटर, म्हणजे काझापेक्षा थोडीच वर. इथे दोन रात्री राहा. कोमिकला फोटो काढून परत आलात तर स्पिती दिसते, मुदला राहिलात तर ती कळायला लागते. जूनमध्ये वाटाण्याच्या शेतांना बर्फाच्या पाण्याचे पाट सोडलेले असतात आणि कुणाची पाळी कधी हे गाव ठरवतं. बारमाही पाणी म्हणजे वरचा बर्फ, त्यामुळे थंडीत बर्फ कमी पडला की उन्हाळ्यात पाळीवरून आवाज चढतात. सातवीच्या पुस्तकातली बारा बलुती जशी आपल्याला आज्जीकडून कळली, तशी इथली घराची रीत घरातच विचारा. थोरल्या मुलाचं लग्न झालं की आईवडील मोठं घर, म्हणजे खांगचेन, त्याच्या हाती सोपवून शेजारच्या छोट्या घरात, खांगचुंगमध्ये, राहायला जातात. जमीन थोरल्याकडेच राहते, तुकडे पडत नाहीत. धाकटे पूर्वी मठात जायचे. आता शिक्षणासाठी शिमला-चंदीगडला जातात, काही टॅक्सी चालवतात. तुमचा ड्रायव्हर बहुधा असाच कुणाचा तरी धाकटा असेल.

मुक्काम गावातल्या घरांत, म्हणजे होमस्टेमध्येच करा. घरच्या चुलीभोवती बसवतील. नमकीन लोण्याचा गुरगुर चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो. तो चहा समजू नका, पातळ सूप समजून प्या, मग जमतं. सातूच्या पिठाला ते त्साम्पा म्हणतात. आपल्या सातूचाच भाऊ, फक्त गहू-डाळ्याऐवजी जवाचा. कप अर्धा झाला की घरची बाई लगेच भरणार. नको असेल तर कप भरलेलाच ठेवून निघताना संपवायचा. भेटल्यावर 'जुले', निघतानाही 'जुले'. मंत्र कोरलेल्या मणी-दगडांची भिंत किंवा चोर्तेन, म्हणजे स्तूप, वाटेत आलं तर आपण देवळाला घालतो तशीच, उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालत पुढे जायचं. हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही.

संडासाचं आधीच सांगून ठेवतो, कारण सहलीला निघालेल्या बायकांचा पहिला प्रश्न तोच असतो आणि तो कुणी छापत नाही. जुन्या घरांत कोरडा संडास असतो. वरच्या मजल्यावर मातीची जमीन, मधे चौकोनी भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की दोन फावडी माती आत ढकलायची. पाणी ओतायचं नाही! पाणी गेलं की खत सडतं. पुढच्या वसंतात हेच खत शेतात जातं. वास येत नाही, खरंच. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी मात्र कमोड असलेलं घर आधी फोन करून ठरवा. आता बऱ्याच घरांत एक तरी खोली तशी असते.

मुदहून परत, मग लोसर (४,०८० मीटर) गाठून एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी कुंझुम. साडेचार हजार मीटरच्या वरच्या या खिंडीत देवीचं देऊळ आहे. गाड्या देवळाला प्रदक्षिणा घालूनच पुढे जातात, तुमचा ड्रायव्हरही घालेल. एव्हाना तुम्ही दहा रात्री वर काढलेल्या असतात, त्यामुळे चंद्रतालला मुक्काम केलात तरी बिघडत नाही. जे दुसऱ्या दिवशी धोक्याचं होतं ते अकराव्या दिवशी निवांत होतं. चंद्रताल जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २००५ पासून आहे, काठावर तंबू लावता येत नाहीत. छावण्या काही किलोमीटर अलीकडे असतात. तिथून पहाटे चालत जा, वारा सुटायच्या आत पाणी आरशासारखं असतं.

बातल ते ग्रामफू हा रस्ता नावाला राष्ट्रीय महामार्ग ५०५ आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी नदीपात्रातून जातोय असं वाटेल. वाटेत नाले आडवे येतात आणि दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळून त्यांचं पाणी वाढतं. म्हणून तिथून सकाळी सहाला निघायचं, अकराच्या आत ग्रामफू गाठायचं. पुढे अटल बोगदा, ९.०२ किलोमीटर, आणि पलीकडे मनाली. कुंझुम जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बहुतेक उघडा असतो, पण त्याची हमी कुणी देऊ नये. जुलै २०२३ मध्ये ऐन उन्हाळ्यात बर्फ पडून चंद्रतालला सुमारे तीनशे माणसं अडकली होती, आणि सप्टेंबर २०१८ मध्येही लाहौल-स्पितीत असंच झालं. म्हणून परतीच्या विमानाआधी दोन मोकळे दिवस ठेवा. कुंझुम बंद निघाला तर आल्या वाटेने किन्नौरमार्गे परत. जुलैचा शेवट आणि ऑगस्ट मात्र टाळा. स्पितीत पाऊस फारसा नसतो पण किन्नौरच्या दरडी असतात. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये किन्नौरमधल्या बटसेरी आणि निगुलसरीला दरडी कोसळून जे झालं त्यानंतर मी त्या दिवसांत ग्रुप नेणं बंद केलं.

नऊच दिवस असतील तर? कल्पा दोन, ताबो दोन, काझा दोन आणि त्याच रस्त्याने परत. यात लांगझा होतं, की होतं, मुद आणि चंद्रताल राहतं. राहू द्या.

औषधांचं. डायमॉक्स, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, शरीराची रुळण्याची प्रक्रिया वेगाने करते, त्रास लपवत नाही. प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, वर चढायच्या आदल्या दिवसापासून. मी वर आखलेल्या संथ मार्गाने जाल तर बहुतेकांना तिची गरज पडत नाही. घ्यायची असेल तर सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारा, आणि घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा बेचव लागतो. हे सगळं स्पितीत पहिल्यांदा झालं तर माणूस घाबरतो. सासूबाईंची रक्तदाबाची गोळी कोणत्याही कारणाने बंद करायची नाही. वर गेल्यावर पहिले काही दिवस रक्तदाब चढतो. त्यांची गोळी लघवी वाढवणारी असेल तर डायमॉक्सबरोबर चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी नाही. गोळ्यांचं पाकीट दाखवून विचारा. झोपेच्या गोळ्या आणि दारू, दोन्ही पहिल्या काही रात्री वर्ज्य.

ऑक्सिजनचे छोटे डबे घेऊ नका. त्यातला वायू काही मिनिटांत संपतो आणि मनाला खोटा धीर देतो. गाडीत खरा सिलिंडर असावा, रेग्युलेटर आणि मास्कसकट, आणि तो ड्रायव्हरला उघडता यायला हवा. निघताना त्याच्याकडून उघडून घ्या. आपले लोक कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून हुंगत असतात. कापराने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन तसूभरही वाढत नाही. वास आवडतो म्हणून हुंगा, हरकत नाही. आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारं ते बोटाला लावायचं यंत्र दर दहा मिनिटांनी लावू नका. मी पाहिलंय, एकाचा आकडा ८६ आला की गाडीतले सहाही जण आजारी पडतात. काझाला नवीन माणसाचा आकडा ऐंशीच्या घरात असणं नेहमीचं आहे. आकड्यापेक्षा माणूस जेवतोय का, हसतोय का, सरळ चालतोय का ते बघा.

हिमबिबट्या जूनमध्ये दिसणार नाही. खरं सांगतो, म्हणजे नंतर रुसवा नको. उन्हाळ्यात भरल (रानमेंढ्या) आणि आयबेक्स (रानबोकड) उंच कुरणांवर जातात, बिबट्या त्यांच्या मागे. जानेवारी ते मार्च बर्फामुळे भरल किब्बर-चिचमच्या कड्यांवर उतरतात, तेव्हा बघण्याची शक्यता असते, उणे वीसच्या थंडीत आठवडाभर दुर्बिणीला डोळा लावून बसायची तयारी असेल तर. २०२४ साली जाहीर झालेल्या देशातल्या मोजणीत ७१८ हिमबिबटे धरले, त्यातले ४७७ एकट्या लडाखमधले. किब्बरच्या लोकांचं मला विशेष वाटतं. शेळ्या-मेंढ्या, याकची वासरं मारणारा हा प्राणी त्यांचा शत्रू होता. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनबरोबर गावाने चराईचा काही भाग मोकळा सोडला, जनावरांचा विमा सुरू केला. आज तीच माणसं कड्यावर ठिपका शोधून पाहुण्यांना दाखवतात. तुम्हाला जूनमध्ये भरल, लाल कोल्हा, चकोर आणि दाढीवालं गिधाड बहुतेक दिसेल. मुदला संध्याकाळी पलीकडच्या उतारावर आयबेक्सचा कळप शोधा.

मुलाला ट्रेक हवाय म्हणालात. पिन-भाबा खिंड (४,९१५ मीटर) किन्नौरच्या काफनूहून चढून मुदला उतरते. एका दिवसात गवताळ हिरवं भाबा खोरं मागे पडतं आणि पलीकडे तपकिरी वाळवंट सुरू होतं. पण ती पुढच्या वर्षी, वेगळी, ग्रुपबरोबर. घरच्यांबरोबरच्या सहलीत ट्रेक घुसवला की दोन्ही बिघडतात.

किरकोळ: प्रीपेड सिम चालतं (ते लडाखला चालत नाही म्हणून लोक घाबरतात), पण नेटवर्क काझाबाहेर लहरी. रोख रक्कम रेकाँग पिओला काढून ठेवा. पेट्रोल काझाला मिळतं. अमेरिकेतली नणंद येणार असेल आणि तिच्याकडे परदेशी पासपोर्ट असेल, ओसीआय कार्ड असलं तरी, रेकाँग पिओला परवाना काढावा लागेल. तुम्हाला नाही. चिवड्याची बंद पाकिटं वर गेल्यावर उशीसारखी फुगतात, ती मागच्या सीटवर उन्हात ठेवू नका. आमच्या एका गाडीत कुंझुमवर लक्ष्मीनारायण चिवड्याचा स्फोट झाला होता आणि ड्रायव्हरने टायर फुटला म्हणून ब्रेक मारला.

सहल कंपनीला पैसे भरण्याआधी त्यांना एवढंच मागा: प्रत्येक रात्रीचं गाव आणि त्याची उंची, मीटरमध्ये, एका खाली एक. ती यादी मला इथे टाका, आणि सासूबाईंच्या गोळीचं नाव त्यांच्या डॉक्टरांना. कल्पाच्या आधी ३,००० च्या वरचा एकही आकडा दिसला तर मी लाल शाई काढणार.